दाव्याचा खर्च: हरणाऱ्याने की ज्याचा त्याने?

अमेरिकेत साधारण नियम असा, की जिंकलात तरी तुमच्या वकिलाची फी तुम्हीच भरायची. इंग्लंडमध्ये उलट: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचाही वाजवी खर्च सोसायचा. त्या धाकाने फुसके दावे कमी होतात, पण गरीब माणूस खरा दावा लावायलाही कचरतो.

आपली दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ (कलम ३५) कागदावर इंग्लंडकडे झुकते. प्रत्यक्षात हुकूमनाम्याखालचा खर्चाचा तक्ता वाचा: कोर्ट फी स्टॅम्प, समन्सचा खर्च, नियमाने ठरलेली वकील फी. बांधाच्या भांडणात तारखांसाठी एसटीने घातलेले हेलपाटे त्यात कोण धरतो? खोट्या दाव्याची भरपाई कलम ३५-अ खाली मिळते, तीही जास्तीत जास्त ३,००० रुपये! (व्यापारी दाव्यांपुरती ही मर्यादा २०१५च्या कायद्याने काढली.) मला पद्धत इंग्लंडचीच पटते, पण तक्त्यात खरी फी धरली तर.