रक्तगटांच्या अनुवंशिकतेचा पत्त्यांचा संच
बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी घेतलेल्या या संचातील मेंडेलच्या वाटाण्यांवरील प्रयोगांचा भाग नेहमीचाच आहे. पैसे वसूल होतात ते १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत नोंदवलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या पत्त्यांवर. एच जनुकाच्या दोन्ही प्रती निष्क्रिय असल्यास, ए किंवा बी जनुक असूनही त्यांचे प्रतिजन (लाल रक्तपेशींवरील गट ठरवणाऱ्या खुणा) तयार होत नाहीत आणि नेहमीच्या चाचणीत रक्त ओ गटाचे भासते. त्यामुळे दोघेही ‘ओ’ दिसणाऱ्या आईवडिलांना ए गटाचे मूल कसे होऊ शकते, हे विद्यार्थ्यांनी पत्ते मांडून स्वतःच शोधले. बॉम्बे गटाच्या व्यक्तीला साधे ओ रक्तही चालत नाही, ही महत्त्वाची बाब मात्र माहितीपत्रकात नाही. छपाई बारीक आहे, चष्मा हाताशी ठेवावा.