बोन स्कॅनमध्ये ठिपका दिसला, निदान अजून नाही: मधल्या दिवसांत कोणता उपाय कोणासाठी

बोन स्कॅनच्या रिपोर्टात 'अमुक बरगडीत अपटेक वाढलेला, क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक' (म्हणजे त्या जागी स्कॅनचं औषध जास्त साचलंय, ते पेशंटच्या लक्षणांशी ताडून पाहा) एवढंच लिहून आलं आणि पुढे काय ते कोणी सांगितलं नाही, तर प्राणायाम, गोळ्या, समुपदेशन हे सगळं तासाभरासाठी बाजूला ठेवा आणि आधी फोन करा. तारीख ठरलेली असेल तर वाट पाहणं जड जातं, पण निभतं. तारीखच नसेल तर पुढे दिलेला कुठलाही उपाय अर्धवटच लागू पडतो, कारण डोकं सतत 'आता फोन येईल का' याच्या मागे असतं.

फोनवर चार गोष्टी विचारा. रिपोर्ट अंतिम आहे की प्राथमिक? स्कॅन सांगणाऱ्या डॉक्टरांनी तो पाहिला का? पुढची तपासणी कोणती आणि कोणत्या दिवशी? त्या दिवसापर्यंत निरोप आला नाही तर कोणाला फोन करायचा? बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. गडबड होते ती बहुधा इथेच: स्कॅन करणाऱ्यांना वाटतं की डॉक्टर कळवतील, डॉक्टरांना वाटतं की पेशंट रिपोर्ट घेऊन येईल, आणि रिपोर्ट मधेच पडून राहतो. तारीख मिळाली की रोज फोन करण्यात अर्थ नाही. रोजच्या फोनने थोडा वेळ बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करावासा वाटतो.

ठिपका काय सांगतो

बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेलं औषध शिरेतून देतात आणि साधारण २ ते ४ तासांनी फोटो घेतात. हाडाची घडण जिथे जोरात चालू आहे तिथे ते जास्त साचतं. का चालू आहे, हे स्कॅनला कळत नाही. संधिवात, भरून येत असलेलं फ्रॅक्चर, ताणाने पडलेली बारीक चीर, दातांच्या मुळाशी झालेला संसर्ग, पॅजेटचा आजार (हाडाची झीज-भर बिघडणं), फायब्रस डिस्प्लेजिया (हाडाच्या जागी तंतुमय भाग वाढणं), हाडातला संसर्ग, कर्करोगाचा प्रसार, या सगळ्यांचा ठिपका सारखाच दिसू शकतो. सुई टोचलेल्या जागी औषध बाहेर झिरपलं किंवा लघवीचा थेंब कपड्यावर सांडला, तरी फसवा ठिपका उमटतो.

याचा अर्थ 'काही नसणार' असा नाही. आधी कर्करोग झालेल्या माणसाच्या मणक्यातले अनेक ठिपके आणि निरोगी तरुणाच्या एका बरगडीतला ठिपका यांचं वजन वेगळं असतं. ओळीने लागोपाठच्या बरगड्यांवर दिसणारे ठिपके मात्र बहुधा मार लागल्याचे असतात.

शोधत बसणं की माहिती गोळा करणं

दोन्हींत हात कामाला लागतात, पण फरक मोठा आहे. इंटरनेटवर 'बोन स्कॅन हॉट स्पॉट' शोधलं की सगळ्यात भीतीदायक कारण सगळ्यात ठळक दिसतं. शिवाय तुमचं वय, जुने आजार, ठिपक्याची नेमकी जागा त्या पानाला माहीत नसते. शोधाशोध पूर्ण बंद करणं जमत नसेल तर दिवसातून एकदा, २० मिनिटांचा गजर लावून, आणि झोपेच्या आधी नाही.

तोच वेळ दुसऱ्या कामाला दिलात तर निदानालाच मदत होते. जुने एक्स-रे, सीटी, एमआरआय आणि आधीचे बोन स्कॅन शोधा; नुसता कागद नको, फोटोंची सीडी किंवा फाइलही हवी. तोच ठिपका चार वर्षांपूर्वीच्या फोटोतही तसाच असेल, तर कधीकधी प्रश्न तिथेच संपतो. मग गेल्या दोन-तीन वर्षांतली पडझड, लागलेला मार, दातांची कामं, दीर्घ खोकला (जोराच्या खोकल्यानेही बरगडीला चीर पडते), नव्याने वाढवलेलं धावणं, स्टिरॉइडची औषधं, हे सगळं महिन्यासकट लिहा. भरलेलं फ्रॅक्चर स्कॅनवर बरेच महिने, उतारवयात वर्षाहून अधिकही दिसत राहू शकतं. 'दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडलो होतो' ही ओळ म्हणूनच महत्त्वाची ठरते.

काळजी दाबणं की तिला वेळ नेमणं

'विचारच करू नकोस' हा सल्ला घरचे प्रेमाने देतात, पण तो चालत नाही. दाबलेला विचार जास्त वेळा डोकं वर काढतो. त्याऐवजी रोज एकाच वेळी, एकाच खुर्चीत, १५ ते ३० मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा. संध्याकाळी लवकर, पलंगावर नाही. दिवसभरात विचार आला की दोन शब्दांत टिपायचा आणि त्या वेळेवर ढकलायचा. त्या वेळी यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न: यावर आज काही करता येईल का? 'रजा मिळेल का' यावर करता येतं, उद्याच विचारा. 'कर्करोग निघाला तर' यावर आज काही करता येत नाही. ती ओळ तशीच ठेवून पुढे जा. पहिले काही दिवस हे कृत्रिम वाटतं आणि विचार ऐकत नाहीत. आठवडाभर तरी द्या. म्हणूनच उत्तर दोन दिवसांवर असेल तर या पद्धतीच्या मागे लागू नका.

श्वास, स्नायू, चालणं

धडधड, हातांना घाम, छातीत दडपण असं अचानक आलं तर श्वासाचा उपाय सगळ्यात लवकर लागू पडतो. नाकाने ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, ५ मिनिटं. चूक होते ती 'खोल श्वास घ्या' ऐकून मोठमोठे श्वास ओढण्यात. त्याने कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते आणि माणूस आणखी घाबरतो. श्वास लहानच असू द्या, सोडणं लांबवा.

दिवसभर खांदे-जबडा आवळलेला राहत असेल तर एकेक स्नायूगट ५ सेकंद ताणून १५ ते २० सेकंद सैल सोडणं जास्त बरं. ठिपका असलेला भाग दुखत असेल तर तिथले स्नायू वगळा. चालण्याचा परिणाम सावकाश येतो पण टिकतो, झोपही सुधारते. मात्र मांडीच्या किंवा खुब्याच्या हाडात ठिपका असेल आणि वजन टाकल्यावर दुखत असेल, तर चालणं आणि वजनं उचलणं डॉक्टरांना विचारूनच.

झोपेबद्दल थोडक्यात: २० मिनिटं झोप आली नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. चहा-कॉफी दुपारनंतर नको. दारूने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते.

गोळी घ्यावी का

अल्प्राझोलाम, लोराझेपाम अशी चिंता शमवणारी औषधं तासाभरात गुण देतात. एमआरआयच्या बोगद्यात घुसमटणाऱ्यासाठी, किंवा तीन रात्री अजिबात न झोपलेल्यासाठी, डॉक्टरांनी मोजून दिलेले एक-दोन डोस योग्यच. तीन आठवड्यांची वाट गोळ्यांवर काढणं वेगळं: सवय लागते, तोल जातो, आणि हाड कमकुवत असण्याची शंका असताना पडणं परवडत नाही. दारू किंवा ओपिऑइड (अफूच्या वर्गातल्या) वेदनाशामकांबरोबर तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. प्रोप्रॅनोलॉल धडधड आणि थरथर कमी करतं, दम्याच्या पेशंटला चालत नाही. एस्सिटॅलोप्रामसारख्या चिंता-नैराश्यावरच्या गोळ्यांना बहुधा काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला बेचैनी वाढूही शकते, त्यामुळे दहा दिवसांच्या प्रतीक्षेसाठी त्या सुरू करण्यात फारसा अर्थ नाही. चिंता स्कॅनच्या आधीपासूनच असेल, तर गोष्ट निराळी. तिथे समुपदेशन आणि गोळी दोन्हींचा विचार लगेच व्हावा.

लगेच पुढची तपासणी की थांबून पुन्हा स्कॅन

चिंतेत असताना 'सगळ्या तपासण्या आजच करा' असं वाटतं. साधा एक्स-रे सोपा आहे, पण हाडातला बराच खनिजभाग गेल्याशिवाय त्यात बदल दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे विषय संपला असं नाही. स्पेक्ट-सीटी (बोन स्कॅनचे त्रिमितीय फोटो आणि सीटी एकत्र) ठिपका नेमका सांध्यात आहे की हाडाच्या आत, हे दाखवतं. हाडातली मज्जा आणि मणक्यासाठी एमआरआय सरस. बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) शेवटी, कारण काही निरुपद्रवी गाठींना हात न लावलेलाच बरा.

धोका कमी असेल तेव्हा डॉक्टर काही आठवडे ते काही महिने थांबून पुन्हा पाहायला सांगतात. टाळाटाळ म्हणून याकडे पाहू नका. भरून येणारी चीर तोवर फिकी पडू शकते. पण विचारून घ्या: काय दिसलं तर पुढे जायचं, आणि मधे काय झालं तर थांबायचं नाही? तेवढं धीराने थांबवतच नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पेशंटची तगमग हेही तपासणी लवकर करण्याचं कारण असू शकतं.

या लक्षणांत मात्र तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी आपत्कालीन विभागात जा: पायांत नवी कमजोरी, जांघेत-बैठकीच्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावर ताबा न राहणं, वजन टाकताच असह्य कळ, दुखऱ्या हाडासोबत ताप, किंवा खूप तहान, उलट्या आणि गोंधळलेपणा एकत्र.