पुण्यातल्या बागेसाठी सदाहरित झाडं: कामिनी की तगर, बकुळ की सीता अशोक?

नर्सरीत जाऊन “बारा महिने हिरवं राहील असं काहीतरी द्या” म्हटलं, की ड्युरांटा नाहीतर फायकस पुढे येतो. दोन्ही हिरवी राहतात, यात वाद नाही. पण फायकसची मुळं पाण्याच्या टाकीपर्यंत आणि फरशीखाली जातात आणि ड्युरांटाला दर महिन्याला कात्री लागते. घरचं अंगण असेल तर निवड जरा वेळ काढून केलेली बरी.

पुण्याची थंडी झाडांच्या मुळावर उठत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो, पण बाग गोठत नाही. खरी परीक्षा मार्च ते मे. पारा चाळिशीकडे, हवा कोरडी, पाणी दिवसाआड. शिवाय आपली बेसाल्टवरची काळी माती आणि मुरूम चुनखडीकडे झुकणारे. म्हणून परदेशी व्हिडिओंत ‘सौम्य हिवाळ्यासाठी उत्तम’ म्हणून मिरवणारी कॅमेलिया इथे मागवू नका. तिला आम्लधर्मी माती लागते आणि उन्हाळाही सौम्यच लागतो.

आधी झुडपं. कुंपणाला आडोसा हवा असेल तर बहुतेकांची गाडी कामिनी आणि तगर यांच्यापाशी येऊन थांबते.

कामिनी, म्हणजे आपली कुंती, दिसायला निर्विवाद सरस. पानं बारीक आणि चकचकीत, फांद्या बुंध्यापासून दाट, अर्ध्या सावलीतही तक्रार नाही. पाऊस सुरू झाला की एकदम बहर येतो आणि संध्याकाळी सगळी गल्ली घमघमते. अडचण वेगाची. हातभर रोपांचा डोक्याइतका उंच आडोसा व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात. आणि भिंतीसारखी चौकोनी कापत राहिलात तर फुलं विसरा, कारण कळ्या कोवळ्या शेंड्यांवर येतात आणि तेच शेंडे आपण उडवतो. आणखी एक गोष्ट रोप विकणारा सहसा सांगत नाही: कामिनी लिंबाच्याच कुळातली. लिंबावर ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड कामिनीच्या कोवळ्या फुटीवरही वाढते. अंगणात जपलेलं कागदी लिंबू असेल तर कामिनीची रांग त्याला खेटून लावू नका.

तगर नेमकी उलट. झपाट्याने वाढते, जवळजवळ वर्षभर फुलते, देवपूजेची सोय होते. पण खालून उघडी पडते, त्यामुळे आडोसा वर आणि कुत्री-मांजरं खालून, असा प्रकार होतो. दरवर्षी निम्म्यावर छाटली तर हे टळतं. पावसाळ्यात कधी सकाळी अख्खी फांदी निष्पर्ण दिसली, तर खाली काळ्या लेंड्या शोधा आणि मग वर बघा. बोटाएवढी जाड हिरवी अळी असते, डोक्यामागे निळे-पांढरे दोन डोळे रंगवल्यासारखे. घाबरवण्यापुरतेच आहेत ते. एका मोठ्या पतंगाची ही अळी कण्हेरीवरही येते. फवारणीची गरज नाही. उचलून बाजूला टाका, तगर पुन्हा फुटते.

समोर नवी इमारत उठतेय आणि आडोसा लगेच हवाय, तर तगर. घाई नसेल तर कामिनी. मी कामिनीच लावेन.

पश्चिमेची तापलेली भिंत असेल, पाणी घालायला कोणी नसेल, तर दोघींना बाजूला ठेवून कण्हेर लावा. रस्त्यांच्या दुभाजकांत ती उगाच टिकलेली नाही. मात्र कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विषारी आहे. घरात रांगतं मूल असेल तर नको, आणि छाटलेल्या फांद्या गुरांच्या तोंडी लागतील अशा कधीही टाकू नका, जाळूही नका.

अनंताचा मोह सगळ्यांना होतो. जमिनीत, बोअरच्या जड पाण्यावर, त्याची पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती चुनखडीची असली की त्याला लोह घेता येत नाही. मोठ्या कुंडीत, पालापाचोळ्याच्या खतात ठेवा, वर्षातून दोन-तीनदा चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) द्या. मोरपंखीबद्दल एवढंच, की आतून सुकलेली फांदी पुन्हा हिरवी होत नाही.

झाडांचं गणित वेगळं, कारण इथे निर्णय मागे घेता येत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे आपल्याच अंगणातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

बकुळ आणि सीता अशोक दोन्ही आपल्याकडची, दोन्ही संथ, दोन्हींची सावली गर्द. सीता अशोकाचे केशरी-लाल गुच्छ आणि तांबूस, लोंबती कोवळी पालवी यांना तोड नाही. पण तो मूळचा ओढ्याकाठचा, झाडीतला. कोथरूड-बावधनकडे, दोन इमारतींच्या मधल्या सावलीत, नियमित पाण्यावर छान येतो. हडपसरच्या उघड्या माळावर पहिल्याच मे महिन्यात पानांच्या कडा करपतात. बकुळ तिथेही तग धरते. तिचा त्रास म्हणजे खाली पडणारा फुलांचा आणि फळांचा सडा. गाडी खाली लावत असाल तर विचार करा. मला तरी सुकल्यावरही वास टिकवणारी फुलं गाडीच्या टपावर पडली तर चालतात. जागा एकाच झाडाची असेल तर बकुळ.

खोटा अशोक, म्हणजे इमारतींभोवती दिसणारा सरळसोट उंच, फक्त अरुंद पट्टीसाठी. पावसाळ्यात फळांवर वटवाघळं येतात आणि सकाळी बिया झाडायचं काम तुमचं. सोनचाफा कलमीच घ्या, बुटका असतानाच फुलतो. पण पाणी साचणाऱ्या काळ्या मातीत मुळं कुजतात, म्हणून उंचवटा करून लावा. सप्तपर्णी खिडकीजवळ नको, ऑक्टोबरपासून तिचा वास काहींना डोकेदुखी होतो. आणि कोनोकार्पस हे परदेशी झाड कितीही स्वस्त मिळालं तरी नको. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

खरेदीला सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या बाजूला गेलात तर निवडीला वाव मिळतो. सर्वांत उंच रोप घेऊ नका. पिशवी उचलून खाली बघा: मुळं बाहेर येऊन गोल वेटोळी झाली असतील तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलंय. मध्यम उंचीचं, जाड बुंध्याचं उचला आणि जूनचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर लावा, म्हणजे मार्चपर्यंत मुळांना नऊ महिने मिळतात.