साखी वाचायची कशी: चमत्कार, प्रतीक की व्यवहार?

घरात मुलांना गोष्ट सांगायची असो, वाचनमंडळात नामदेवांचे शबद, म्हणजे शीख ग्रंथातली त्यांची पदं, घ्यायचे असोत किंवा नांदेडला जाण्याआधी थोडी तयारी करायची असो, शीख परंपरेतली कथा, म्हणजे साखी, हातात घेतली की आधी एक गोष्ट ठरवावी लागते. गुरू नानकांच्या पायांबरोबर मक्का फिरली हे तसंच सांगायचं, मन फिरलं असं म्हणायचं, की त्या कथेतलं जातीचं, कष्टाच्या भाकरीचं, सत्तेचं बोलायचं? तिन्ही वाटांनी जाणारे जाणते लोक आहेत आणि प्रत्येकाला दुसऱ्याची वाट थोडी फसवी वाटते. माझं मत आधीच सांगून टाकतो: तिन्हींपैकी एक निवडून ती सगळीकडे चालवू नये. निवड कथेगणिक करावी, आणि ती करायला एक साधी खूण मूळ बाणीतच, म्हणजे ग्रंथातल्या पदांतच, दिलेली आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. काही कथा खुद्द गुरू ग्रंथ साहिबात आहेत. १६०४ साली गुरू अर्जनांनी आदि ग्रंथ सिद्ध केला, भाई गुरदासांनी तो लिहून काढला. त्यात आपल्या नामदेवांचे ६१ शबद आहेत आणि त्यातल्या काहींत गोष्टच सांगितली आहे. दुसऱ्या कथा ग्रंथाबाहेरच्या, जनमसाख्यांमधल्या: गुरू नानकांच्या प्रवासांच्या, पंजाबी गद्यात लिहिलेल्या, एकाच प्रसंगाच्या दोन-दोन तीन-तीन तऱ्हा असलेल्या. पहिल्यांना बाणीचा मान आहे, दुसऱ्यांना परंपरेचा. कथेकरी दोन्ही एकाच सुरात सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला हा फरक कळत नाही.

आता खूण. बहुतेक शबदांत एका कडव्याशेवटी ‘रहाउ’ असं लिहिलेलं असतं. आपल्या अभंगातल्या ध्रुपदासारखंच ते. कीर्तनात तीच ओळ पुन्हा पुन्हा येते. ग्रंथाचे व्याकरणकार प्रा. साहिब सिंग यांचा आग्रह असा की शबदाचा गाभा या ओळीत असतो, बाकीची कडवी तिच्याभोवती फिरतात. कथा सांगणाऱ्या शबदांना ही कसोटी लावली की मोठी गंमत होते.

देहुऱ्याची, म्हणजे देवळाची, गोष्ट घ्या. मराठी परंपरा ती औंढा नागनाथला घडवते, तिथला नंदी मागच्या बाजूला का याचं उत्तर म्हणून गावात अजून ती सांगतात. ग्रंथात ती अंग ११६४ वर (अंग म्हणजे ग्रंथाचं पान) भैरव रागात आहे आणि तिथे गावाचं नाव नाही. हसतखेळत नामा देवळात येतो, भक्ती करत असताना त्याला धरून उठवतात, तो घोंगडी उचलतो आणि देवळामागे जाऊन बसतो. जसजसा तो हरिगुण गातो तसतसं देऊळ भक्ताकडे फिरतं. चार ओळींची कथा. चमत्कार मानणारा म्हणेल, फिरलं. प्रतीक शोधणारा म्हणेल, देऊळ म्हणजे देह, पाठ म्हणजे विमुखता, नामस्मरणाने वृत्ती अंतर्मुख झाली. दोघंही शेवटच्या ओळीवर नजर लावून बसलेत. रहाउ मात्र वेगळंच म्हणतो: ‘हीनड़ी जाति मेरी जादिम राइआ, छीपे के जनमि काहे कउ आइआ.’ यादवराया, माझी जात हीन. छीप्याच्या, आपल्या भाषेत शिंप्याच्या, जन्माला मी आलोच कशाला?

म्हणजे गाभा देऊळ फिरण्यात नाही. तो हाताला धरून बाहेर काढलेल्या माणसाच्या संतापात आहे. याच प्रसंगावरचा दुसरा शबद मल्हार रागात, अंग १२९२ वर आहे आणि तो आणखी कडक आहे. तिथे ‘शूद्र शूद्र’ करत मारून उठवल्याचा सरळ उल्लेख आहे आणि मग नामदेव विठ्ठलाला असं काही बोलतात की आध्यात्मिक अर्थ लावणाऱ्याची पंचाईत व्हावी: मेल्यावर मुक्ती देशील तर ती कुणाला कळणार? हे वाचल्यावर ‘देऊळ म्हणजे अंतःकरण’ असं मवाळ भाष्य माझ्या गळी उतरत नाही. ज्याला इथे, आत्ता, लोकांदेखत न्याय हवा आहे त्याला आपण अंतर्मुखतेचा सल्ला देतोय. या कथेपुरता लौकिक अर्थ पहिला. प्रतीकाला जागा द्यायची तर नंतर, आणि तीही भाविकाने स्वतः मागितली तर.

आता त्याच नामदेवांची दुसरी कथा, सोरठ रागातली, अंग ६५७. झोपडी शाकारलेली आहे, शेजारीण विचारते: नाम्या, कुणाकडून करून घेतलीस? दुप्पट मजुरी देते, तो सुतार मला दाखव. अगदी चाळीतला संवाद. मराठीत विठ्ठलाने नामदेवांची खोपटी बांधून दिल्याची कथा प्रेमाने सांगितली जाते आणि चमत्कार म्हणून ती गोड आहे. पण इथलं रहाउ सुताराला उचलून सर्वत्र भरून ठेवतं: बाई गं, तो सुतार असा कुणाला देता येत नाही, बघ, तो सगळीकडे सामावलेला आहे, तोच माझ्या प्राणाचा आधार. पुढच्या कडव्यात तो मजुरी म्हणून प्रीती मागतो. प्रतीकार्थ इथे भाष्यकाराने चिकटवलेला नाही, नामदेवांनीच पुढे ठेवला आहे. या शबदात शेजारणीच्या दुप्पट मजुरीवरून त्या काळच्या कारागिरांच्या कमाईवर बोलू लागलात तर हसं होईल.

एकच संत, एकच कसोटी, दोन उलट निकाल. सरसकट धोरण का नको, ते इथे दिसतं.

मेलेल्या गाईचा शबद (अंग ११६५-६६) या दोघांच्या मध्ये पडतो आणि सावकाश वाचण्यासारखा आहे. सुलतान नामदेवांना बांधतो: गाय जिवंत कर, नाहीतर मान उडवतो. नामदेवांचं उत्तर चमत्कारप्रेमींनी जरूर वाचावं. बादशहा, असं कसं होईल, कापलेलं कुणी जिवंत होत नसतं, माझ्या करण्याने काही होत नाही. मग हत्ती अंगावर सोडला जातो. आई रडते: राम सोड, खुदाला भज, पण जीव वाचव. मुलगा म्हणतो, मग मी तुझा मुलगा नाही आणि तू माझी आई नाहीस. लोक नामदेवांच्या वजनाइतकं सोनं देऊ करतात, तर सुलतान म्हणतो, पैसा घेतला तर दोजखात जाईन. पायात बेड्या, हातांनी ताल. सात घटका उलटतात, देव येत नाही. शेवटी तो गरुडावरून येतो, गाय उठते, वासरू लावून दूध काढलं जातं. आणि मग, या सगळ्याचा पुरावा काय, तर सुलताना, सत्याने आणि शीलाने चाल.

रहाउ इथे काय धरतो? ‘नामा सुलताने बाधिला, देखउ तेरा हरि बीठुला.’ नाम्याला सुलतानाने बांधलं, बघू तुझा विठ्ठल. गाय मध्यभागी नाहीच, बांधणारा आणि बांधलेला आहेत. तरीही निव्वळ राजकीय वाचन केलंत तर आई हातची जाते, आणि ती या शबदातली सर्वांत खरी व्यक्ती आहे. हिंदू-मुसलमान झगडा म्हणून वाचणारेही पुष्कळ. त्यांनी सोनं नाकारणारा सुलतान कुठे बसवायचा ते सांगावं.

जनमसाख्यांना रहाउ नाही, त्या गद्यात आहेत. तिथे दुसरा मार्ग: कथेबरोबर कोणता शबद येतो किंवा बाणीत तिच्या जवळचं काय आहे ते पाहायचं. सैदपूरच्या भाई लालोची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. गुरू नानकांनी सुतार लालोची कोरडी भाकरी पिळली तर दूध, श्रीमंत मलिक भागोच्या पक्वान्नातून रक्त. वर्गात मुलं विचारतात, खरंच रक्त आलं? ‘प्रतीक आहे रे’ म्हणून वाटेला लावण्याआधी अंग १४० वरचा गुरू नानकांचा श्लोक वाचून दाखवा: कपड्याला रक्त लागलं तर कपडा विटाळतो, मग जे माणसांचं रक्त पितात त्यांचं चित्त निर्मळ कसं राहील? रक्ताची प्रतिमा बाणीतच आहे, साखीने तिला ताटात वाढलं इतकंच. ही प्रतिमा आध्यात्मिक नाही, लुबाडणुकीची आहे. म्हणजे इथे प्रतीक आणि व्यवहार यांत भांडण नाहीच.

सज्जन ठगाच्या साखीत हे आणखी सोपं. सोबतचा शबद (अंग ७२९) म्हणतो, कासं चकचकीत दिसतं, घासलं की काळी शाई निघते. यात्रेकरूंसाठी मंदिर-मशीद बांधून त्यांना लुटणारा माणूस आणि ही ओळ एकमेकांना पुरेशी आहेत. नानकांनी हरिद्वारला पश्चिमेकडे पाणी उडवून ‘माझ्या शेताला देतोय’ म्हटल्याच्या गोष्टीत तर चमत्कारच नाही. ती विनोदासह जशी आहे तशी सांगा.

अवघड आहे ती मक्केची. नानक काबाकडे पाय करून झोपले, एकाने लाथ मारली. जिकडे देव नाही तिकडे माझे पाय कर, असं ते म्हणाल्याचं, आणि पाय फिरवले तशी मक्काही फिरल्याचं आपण ऐकतो. ‘फिरणं हे प्रतीक’ म्हणणाऱ्यांना एक अडचण आहे: भाई गुरदास आपल्या पहिल्या ‘वारा’त (वार म्हणजे पंजाबी दीर्घ कवन) मक्का फिरली असं स्पष्ट लिहितात, आणि ते काही उशिराचे भाबडे कथेकरी नव्हेत. तेव्हा ‘मूळ परंपरेत चमत्कार नव्हता, मागाहून घुसला’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. तरीही निवडायचं झालं तर मी प्रतीकार्थच घेईन, कारण गुरू नानकांनीच जपुजी या आपल्या रचनेत ऋद्धि-सिद्धींना ‘अवरा साद’, दुसरीच चव, म्हटलं आहे. शिवाय मिश्र श्रोत्यांपुढे फिरलेली मक्का विजयाची गोष्ट होऊन बसते आणि पायांचा प्रश्न मागे पडतो.

इतिहासकारांची चौथी वाटही आहे. डब्ल्यू. एच. मॅक्लिऑड यांनी १९६८ मध्ये नानकांच्या साख्या सिद्ध, संभाव्य, शक्य, असंभाव्य आणि अशक्य अशा पाच खणांत टाकल्या. त्यावरून शीख अभ्यासकांत मोठं वादळ उठलं. नानक कधी, कुठे गेले हे ठरवायचं असेल तर अशा चाळणीशिवाय गत्यंतर नाही. ‘अशक्य’ ठरलेली गोष्ट लोकांनी इतकी शतकं का जपली, हे मात्र ती सांगत नाही. निबंध लिहिणाऱ्याने ही वाट घ्यावी, सत्संगात बोलणाऱ्याने माहीत ठेवावी.

तर कुणी काय घ्यावं? लहान मुलांसाठी अंग ११६३ वरचा दुधाचा शबद घ्या. नामा वाटी पुढे ठेवून विनवतो, दूध पी, नाहीतर घरी बाप रागावेल. यात काहीच उलगडू नका. बापाच्या धाकाने देवाला गळ घालणारं पोर मुलांना आपोआप कळतं. वाचनमंडळाला देहुरा आणि झोपडी एकाच बैठकीत द्या, रहाउ आधी मोठ्याने वाचा, अर्थ नंतर. २०१५ च्या घुमान साहित्य संमेलनानंतर नामदेवांच्या पंजाबातल्या खुणांबद्दल आपल्याकडे कौतुकाने बोललं जातं. त्या कौतुकात मल्हारातला तो ‘शूद्र शूद्र’वाला शबद फारसा ऐकू येत नाही, म्हणून तो मुद्दाम घ्या.

नांदेडला जाणाऱ्याने माधोदासाची पलंगाची गोष्ट बरोबर न्यावी. १७०८ साली गुरू गोविंदसिंग गोदाकाठच्या या बैराग्याच्या मठात जाऊन थेट त्याच्या पलंगावर बसले. त्याने सगळे तंत्रमंत्र लावले, पलंग उलटेना, आणि शेवटी ‘मी तुमचा बंदा’ म्हणून तो पाया पडला. पलंग म्हणजे अहंकाराचं आसन, हा अर्थ कुणीही लावील आणि तो चुकीचाही नाही. पण हाच बंदा, पुढचा बंदासिंग बहादूर, १७१० मध्ये पंजाबातलं सरहिंद घेतो आणि जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर करतो. पलंगावरून उठून तो कुठे गेला, हे बंदाघाटावर उभं राहून सांगितलंत तर ऐकणारा मंत्र किती चालले हे विचारायचं विसरतो.