कार्नेगी शॅडोइंग: योजना उत्तम, पण प्रतींचं गणित सांभाळा

ब्रिटनमध्ये मुलांच्या पुस्तकांना १९३६पासून दिल्या जाणाऱ्या कार्नेगी पदकाची ही शाळांसाठीची योजना. शॅडोइंग म्हणजे परीक्षकांच्या बरोबरीने मुलांनीही तीच पुस्तकं पारखणं. मार्चमध्ये अंतिम यादी, जूनमध्ये निकाल. मधल्या काळात मुलं यादीतली पुस्तकं वाचून अभिप्राय लिहितात. नोंदणी मोफत.

सर्वांत मोलाचं म्हणजे ग्रंथपाल-परीक्षकांचे निकष मुलांच्याही हाती येतात. 'आवडलं' म्हणून सुटका नाही. कथानक, पात्रं, शैली यांवर बोलावं लागतं.

गाडी अडते ती प्रतींपाशी. आठ पुस्तकांची एकेकच प्रत असेल तर १२ मुलांच्या गटात चार जण कायम रिकाम्या हाताने बसतात. दोन-दोन प्रती घ्या, दर आठवड्याला अदलाबदल करा. अभिप्रायात नुसती गोष्टच उतरत असेल तर विचारा: कुठल्या पानावर थबकलात, आणि का? यादीतलं प्रत्येक पुस्तक प्रत्येक वयाला झेपत नाही. आधी स्वतः वाचा.