करवल्यांचे कपडे: वापरलेले घ्यावेत, भाड्याने आणावेत की कपाटातलेच काढावेत?

करवल्यांच्या पोशाखाची अडचण अशी, की तो बहुधा एकाच दिवसासाठी घेतला जातो आणि नंतर त्याचे काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. पर्यावरणाला कमी तोशीस लागावी अशी इच्छा असेल, तर वापरलेले कपडे विकत घेणे, भाड्याने आणणे, पुनर्वापर केलेल्या धाग्याचे नवे कपडे घेणे आणि प्रत्येकीने स्वतःच्या कपाटातलेच काही निवडणे असे चार मार्ग आहेत. मात्र यांपैकी कोणता मार्ग खरोखर चालेल, हे त्याआधीच्या एका निर्णयावर अवलंबून असते: सर्वजणी हुबेहूब एकसारख्या दिसायला हव्यात का?

उत्तर ‘हो’ असेल, तर विंटेड, डेपॉप किंवा पॉशमार्क यांसारख्या वापरलेले कपडे विकणाऱ्या ऑनलाइन ठिकाणी एकेक पोशाख वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून जमवण्याचा नाद सोडावा. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा रंगसुद्धा वेगळ्या खेपेत रंगवलेल्या कापडावर थोडा वेगळा उतरतो. शिवाय घरातल्या पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोवरून खरी छटा कळत नाही. जवळजवळ जुळणारे पाच रंग शेजारी उभे राहिले, की ती चूक वाटते. अशा वेळी एखाद्या वधूने आपल्या करवल्यांसाठी घेतलेला आणि एकदाच वापरलेला संपूर्ण संच शोधणे शहाणपणाचे. त्यात रंगाचा प्रश्न सुटतो आणि मापांचा उभा राहतो. सैल कपडा आत घेता येतो, पण घट्ट कपडा सैल करायला शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेले जादा कापड, असावी लागते आणि तयार कपड्यांत ती फारच थोडी सोडलेली असते. माया असली तरी सॅटिनवर जुन्या टाक्यांची भोके आणि रेघ राहून जाते. म्हणून संच निवडताना शंका असल्यास मोठे माप घ्यावे आणि शिंप्याचा खर्च किमतीत धरूनच तुलना करावी.

उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे निळ्याच्या फिकट ते गडद अशा कुठल्याही छटा चालणार असतील, तर वापरलेल्या कपड्यांचा मार्ग सर्वांत सोपा होतो, कारण मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या छटा विचारपूर्वक निवडल्यासारख्या दिसतात. विक्रेत्याकडे ‘मीडियम’ की ‘लार्ज’ हे विचारण्याऐवजी कपडा सपाट पसरून मोजलेली छाती, कंबर आणि लांबी मागावी. काखेतले डाग, चेन आणि अस्तर यांचे जवळून काढलेले फोटो मागावेत. घरी रंगवून छटा जुळवण्याचा मोह अनेकींना होतो. सुती किंवा रेशमी कपड्यावर तो प्रयोग करता येईल, पण पॉलिस्टर नेहमीच्या घरगुती रंगाला दाद देत नाही. त्याला कृत्रिम धाग्यांसाठीचा डिस्पर्स प्रकारचा रंग आणि भरपूर उष्णता लागते. शिवणीचा दोरा कापडापेक्षा वेगळ्या धाग्याचा असेल तर तो वेगळाच रंग धरतो, हेही लक्षात ठेवावे.

भाड्याचा मोठा फायदा असा, की नंतर कपडा सांभाळावा लागत नाही, आणि मोठ्या साठ्यातून एकाच नमुन्याची निरनिराळी मापे मिळण्याची शक्यता असते. तथापि हा मार्ग आपोआप अधिक पर्यावरणस्नेही ठरत नाही. 2021 मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी जीन्सच्या वापराच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना केली, तेव्हा भाड्याने वाटून वापरण्याच्या पद्धतीचा तापमानवाढीतील वाटा सर्वाधिक निघाला, कारण ग्राहकांच्या फेऱ्या वाढत होत्या. रोज वापरायच्या जीन्सचा निष्कर्ष एका दिवसाच्या पोशाखाला जसाच्या तसा लावणे बरोबर नाही, परंतु वाहतुकीचा मुद्दा इथेही लागू पडतो. त्यात प्रत्येक वापरानंतरच्या धुलाईची भर पडते. ड्रायक्लीनिंगमध्ये दीर्घकाळ वापरले गेलेले पर्क्लोरोएथिलीन हे रसायन आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे. कपडे कसे स्वच्छ करता, हे भाड्याच्या दुकानाला विचारण्यात काहीच गैर नाही. सर्व पोशाख एकाच पार्सलमध्ये येणार असतील किंवा दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर भाड्याचे पारडे जड होते.

पुनर्वापरित पॉलिस्टरच्या नव्या कपड्यांना मी शेवटचे स्थान देईन. हा धागा बहुतांशी प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनतो, धुताना त्यातूनही सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, आणि कपडा शेवटी नवाच असतो.

स्वतःच्या कपाटातला पोशाख पर्यावरणाच्या दृष्टीने या सर्वांत हलका, कारण त्यासाठी काहीच नव्याने बनत नाही. एक धोका मात्र आहे: ज्या करवलीकडे योग्य रंगाचे काही नसते, ती आदल्या आठवड्यात घाईने नवीन घेते. त्यामुळे रंग तीन-चार महिने आधी सांगावा आणि बहीण-मैत्रिणींकडून उसने घ्यायला मोकळी परवानगी द्यावी.

विकत घेतलेला संच नंतर विकायचा असेल, तर लांबी कमी करताना कापड कापू नये, आत दुमडून हाताने टाके घालावेत. त्यामुळे पुढच्या उंच करवलीला तो उसवून पुन्हा लांब करता येईल.