जावळाचं हातमागाचं घोंगडं: एका जॉबरचा अभिप्राय

मी इचलकरंजीत साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, जॉबर आहे. दिवसभर साचे जुळवायचे, दुरुस्त करायचे आणि कापडात खोट येऊ द्यायची नाही हेच काम, त्यामुळं घोंगडं घेतानाही नजर तशीच फिरली. पट्टणकोडोलीच्या बाजूला एका सनगराच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या समाजातल्या विणकराच्या, घरातून घेतलं. दुकान नाही, बोर्ड नाही. पुढच्या सोप्यात खड्डामाग (खड्ड्यात पाय सोडून चालवायचा हातमाग), मागच्या खोलीत लोकरीच्या गोण्या.

आधी माल. दहा फूट लांब, चार फूट रुंद, काळं, कडेला पांढरी रेघ. रंग मेंढीचाच, डाय नाही. जावळाचं, म्हणजे कोकराच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीचं, म्हणून नेहमीच्यापेक्षा मऊ. तरी मऊ म्हणजे शालीसारखं असेल या आशेवर जाऊ नका. नवं घोंगडं मानेला टोचतंच. शिवाय ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ असते, तिच्यामुळं सुरुवातीला ते पुठ्ठ्यागत ताठ वाटतं. वापरात खळ झडते आणि अंग धरायला लागतं. वास मेंढरांचा येतो. दोन-चार उन्हं दाखवली की बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. आमच्या घरात यावरून दोन पक्ष आहेत.

विणीत मला दोन ठिकाणी बाणा, म्हणजे आडवा धागा, जाडा-बारीक दिसला. साच्यावरच्या कापडात असं दिसलं असतं तर मी तागा बाजूला काढला असता. इथं सूत चरख्यावर हातानं कातलेलं, त्यामुळं हे चालायचंच. काठ मात्र सरळ आहेत, कुठं ओढ नाही, आणि दशा, म्हणजे टोकाचे सुटे धागे, नीट पिळून गाठ मारलेल्या. पाणी शिंपडून बघितलं तर थेंब वर बसून राहिले, सावकाश मुरले. घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन मेंढपाळ पावसात का उभा राहू शकतो ते कळलं. मुसळधार पावसात मात्र ते भिजतं, आणि भिजलं की उचलवत नाही.

आता भावाचं. तीन हजारांच्या आतबाहेर पडलं. शेजाऱ्यांनी एका प्रदर्शनातून त्याच्या निम्म्यात ‘हातमागाचं घोंगडं’ आणलं होतं. त्याचा एक धागा काडीवर धरला तर वितळून टोकाला टणक गोळी झाली. लोकर जळली की केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरते. हा धागा सरळ ॲक्रेलिकचा होता. पानिपतकडं जुने लोकरी कपडे पिंजून केलेल्या ब्लँकेटा तर त्याहून स्वस्त मिळतात. पांघरायला त्या वाईट नाहीत, पण त्यांना घोंगडं म्हणून विकू नये एवढंच.

घासाघीस करायच्या तयारीनंच गेलो होतो, पण मागाजवळ बसल्यावर हिशेब वेगळा दिसला. विणणारा एकटा दिसतो, पण त्याच्यामागं कातरणारा आहे, लोकर पिंजणारा आहे आणि सूत कातणाऱ्या बायका आहेत. अडतं ते सुतापाशी. कातणाऱ्या बहुतेक म्हाताऱ्या, आणि नव्या सुना त्या मजुरीत चरख्याला बसत नाहीत. का बसतील? एमआयडीसीत हजेरी त्यापेक्षा बरी पडते. सूत नाही म्हणून माग थांबलेला मी डोळ्यांनी पाहिला. आमच्याकडं सूत महागलं की मालक ओरडतात, इथं सूतच येत नाही. गिऱ्हाइकानं चारशे रुपये तोडले तर ते विणकराच्या खिशातून जाण्याआधी कातणारीच्या मजुरीतून जातात, कारण बाकी कुठं कापायला जागाच नाही. म्हणून मी सांगेल तो भाव दिला.

लोकरीचंही तेच. दख्खनी मेंढी आता मटणासाठी पाळतात. कातरणीची मजुरी लोकरीच्या भावाला जड जाते, त्यामुळं कातरलेली लोकर कितीदा रानातच टाकून देतात. काही जण माडग्याळी जातीच्या मेंढीकडं वळले, तिचं वजन चांगलं भरतं, पण कातरण्याजोगी लोकर नसते. लोकरीला बरा भाव कोण देणार, हे वर्षानुवर्षांचं भिजत घोंगडं. जावळाची मागणी आली तर विणकर मेंढपाळाला दोन पैसे जास्त देऊ शकतो, तेवढंच.

सेवेबद्दल तक्रार एकच: सांगितलेल्या तारखेला मिळालं नाही. फोन उचलतात, कारण सांगतात, पण तारखेवर विसंबून कुणाला लग्नात द्यायचं ठरवू नका. पैसे फोनवरून घेतले, आगाऊ निम्मे. पावती मागितल्यावर वहीच्या पानावर लिहून दिली.

पाचपैकी चार. एक गुण तारीख चुकल्याबद्दल कापला, विणीसाठी नाही.

घेणार असाल तर डबल बेडचा नाद सोडा, चार फुटांत एकच माणूस मावतो. लांबी दुमडून अंथरलं तर गादीची गरज भासत नाही. धुवायचं क्वचित, गार पाण्यात, साबण न लावता, आणि वाळवायचं सावलीत. कपाटात कोंबून ठेवलं तर कसर लागते, मधनंमधनं झटकून ऊन द्या. ऑर्डर पावसाळ्यात देऊ नका, खळ वाळत नाही आणि काम रेंगाळतं. दसरा-दिवाळीच्या मधे विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला पट्टणकोडोलीत जाणं होणार असेल, तर गर्दीचा दिवस सोडून आदल्या आठवड्यात जा. माग चालू असताना बघायला मिळेल आणि जावळ शिल्लक आहे का तेही तिथंच विचारता येईल.